बर्फाकडच्या फुलांची कात्री

दोन पाती, दोन कड्या आणि मध्ये एक खिळा. या पाच भागांची मी बनले आहे. टोकापासून कडीपर्यंत माझी लांबी साडेचार इंच, त्यात पाती दीड इंच. वजन सव्वाचार तोळे. मित्रांनो, मी एक कात्री आहे आणि आता जुनी झाले आहे. मी कधी कापड कापले नाही की कोणाचे केस कापले नाहीत. माझे आयुष्य सुकलेली फुले कापण्यात गेले.

मी कामाला लागले तो दिवस १९३१ सालच्या जानेवारीची चौथी तारीख. लोणावळ्यात कुसगावच्या रस्त्याला एक बैठा बंगला होता. त्याच्या मागे काळ्या दगडांचा, खडी भरलेला एक उतरता वाफा होता आणि वाफ्यावर काचेचे छप्पर होते. त्या दिवशी त्या वाफ्यात रोपे होती एकतीस. त्यांपैकी फुललेली सहा, कळ्या धरलेली चौदा आणि नुसती पाने असलेली अकरा. ही मोजणी माझी नव्हे. ती बदरुन्निसाबाईंची. त्या या बंगल्याच्या मालकीण. रोज सकाळी त्या रोपे मोजत आणि एका वहीत आकडे लिहीत.

पण आधी माझा जन्म कसा झाला ते सांगते.

कामशेतच्या बाजारात, तांदळाच्या वखारींच्या ओळीच्या शेवटी, महंमद शिकलगार यांचे दुकान होते. विळे, कोयते, सुऱ्या, न्हाव्यांचे वस्तरे यांना ते धार लावत. नवीन हत्यार ते क्वचितच घडवत. डिसेंबर महिन्यात एका मंगळवारी बदरुन्निसाबाई त्यांच्या दुकानात आल्या. त्यांच्या हातात पुठ्ठ्याची कापलेली एक कात्री होती आणि तिच्यावर पेन्सिलीने मापे लिहिली होती.

महंमदचाचांनी पुठ्ठा उलटसुलट करून पाहिला.

"बाईसाहेब, एवढीशी कात्री कशाला? मिशा कापायला म्हणावं तर ही त्याहून बारीक."

"फुलं कापायची आहेत, चाचा."

"फुलं माणसं हातानं खुडतात."

"ही हातानं खुडली तर झाड मुळासकट वर येतं. खडीत मुळं धरतच नाहीत नीट. आणि देठ चिरडला तर तो कुजतो. म्हणून टोक बारीक हवं, अगदी पानांच्या मधे शिरेल असं."

"कुठल्या गावची म्हणायची ही नाजूक मंडळी?"

"काश्मीरची."

"मग बरोबर," महंमदचाचा म्हणाले. "आमच्या मावळातलं झाड असे लाड करून घेत नाही."

त्यांच्याकडे रेल्वेच्या शेडमधून मोडीत निघालेली एक कानस पडलेली होती. कानशीचे पोलाद कडक असते. त्यांनी ती तापवली, ठोकली, तिचे सहा तुकडे केले. पहिल्या जोडीचे टोक पाणी देताना तडकले. दुसरी जोडी एकमेकींवर नीट बसेना. तिसरी मी. ओला पातळ कागद मी न चुरगळता कापला तेव्हा त्यांनी मला बाईंच्या हातात दिले आणि सांगितले, "धार गेली तर माझ्याकडेच आणा. दुसऱ्या कोणाच्या सहाणेवर देऊ नका."

आता त्या फुलांविषयी.

बदरुन्निसाबाईंचे पती इकबाल हे सरकारी पैमाईश खात्यात नकाशे काढण्याच्या कामावर होते. उन्हाळ्यात त्यांची तुकडी काश्मीरच्या उंच कुरणांवर तंबू ठोकून राही. तिथे बर्फ वितळू लागले की त्याच्या कडेलाच एक झाड फुलते. जमिनीला चिकटलेले पानांचे चक्र, मधून वर येणारा वीतभर दांडा आणि दांड्याच्या टोकाला चेंडूसारखा गोल, फिकट जांभळ्या फुलांचा गुच्छ. शास्त्रात त्याला प्रिम्युला म्हणतात. इकबाल दरवर्षी त्याचे बी पाकिटात घालून पाठवत आणि पाकिटावर जागा, तारीख व उंची लिहीत. लोणावळ्यात ते उगवे, पावसाळ्यात मरे आणि पुढच्या वर्षी नवीन पाकीट येई. शेवटचे पाकीट १९२९ च्या ऑक्टोबरात आले. त्यावर लिहिले होते: "उंची ९,२०० फूट. पहाटेचे तापमान ३८ अंश फॅरनहाइट." पाकीट येण्याच्या सहा दिवस आधी इकबाल तिथेच न्यूमोनियाने वारल्याची तार आलेली होती.

ती एकतीस रोपे त्या शेवटच्या पाकिटातली. या वेळी बाईंनी काचेचे छप्पर बांधले, वाफा उतरता केला, खाली दीड फूट खडी भरली आणि पहिला पावसाळा रोपे जगवली. ही मेली तर पाठवणारे कोणी नव्हते. हे त्यांनी कोणाला बोलून दाखवले नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर ते रिकामे पाकीट चिकटवलेले होते, आणि त्या वही उघडताना ते पान रोज उलटत.

माझे काम असे होते. गुच्छातली फुले खालून वर सुकत जात. अर्धा गुच्छ सुकला की बाई सुकलेली फुले एकेक करून कापत. सगळा गुच्छ सुकला की पूर्ण दांडा बुंध्याशी कापायचा, अर्ध्यावर नाही, कारण उरलेला खुंट पाणी धरतो आणि तिथून गाभा कुजतो. काप तिरका घ्यायचा. पिवळे पान दिसले की तेही देठाशी कापायचे. एका झाडाचे काम झाले की मला स्पिरिटमध्ये भिजवलेल्या कापसाने पुसायचे आणि मगच पुढच्या झाडाला लावायचे. बाई हा नियम इतक्या काटेकोरपणे पाळत की एकतीस झाडांच्या कामाला एकतीस बोळे लागत.

बागेची बाकीची कामे कोंडाजी करत. ते कुसगावचे, पन्नाशीचे. त्यांची स्वतःची दोन भातखाचरे होती. रोज सकाळी बागेत पाणी घालून ते आपल्या शेतावर जात. माझे काम त्यांना मुळीच पटत नव्हते.

"बाईसाहेब, एक इचारू?" ते एकदा म्हणाले. "फुलाचं बियानं व्हायच्या आत कापायचं म्हंजी पोटऱ्यातलं, दाना न भरल्यालं भात कापल्यावानी झालं. असं करून काय मिळतं?"

"झाडाची ताकद वाचते, कोंडाजीभाऊ. बी धरायला झाडाला फार ताकद लागते. ती मला पानांत, मुळांत हवी आहे. इथला पाऊस सोसायला."

"अन् बियानं?"

"बी नको. झाड जगलं की झालं. हे झाड वर्षानुवर्षं जगतं."

"तिकडं जगत आसंल," कोंडाजी म्हणाले. "हितं लोनावळ्यात काय जगतं ते आमी बघतोय की. मानसाला बुरशी येती हितं." पण त्यांनी घमेल्यात पडलेली कापलेली फुले उचलून नेली आणि खतात टाकली.

फेब्रुवारीच्या आठ तारखेला बदरुन्निसाबाईंना पुण्याला जावे लागले. त्यांची एकुलती मुलगी खुर्शीदा हिचे पहिले बाळंतपण होते आणि डॉक्टरांनी तिला प्रवासाची मनाई केली होती. म्हणून आईच तिकडे गेली. जाण्याआधी त्यांनी मला कोंडाजींच्या हाती दिले, स्पिरिटची बाटली दिली, कापूस दिला आणि तीनदा सांगितले, "एकही सुकलेलं फूल झाडावर ठेवायचं नाही."

कोंडाजींनी मान डोलावली. मी त्यांच्या कमरेच्या चंचीत राहू लागले.

मित्रांनो, कोंडाजींनी पुढे जे केले त्यात लबाडी नव्हती. मावळातला शेतकरी भात कापणीच्या आधी खाचरात उतरतो. सगळ्यात जोमदार चूड, म्हणजे भाताचा झुबका, तो शोधतो, त्याच्या भरलेल्या लोंब्या वेगळ्या काढतो आणि त्यांचे बियाणे राखतो. हलक्या लोंब्या कांडून खायच्या, चांगल्या लोंब्या राखायच्या. कोंडाजींच्या वडिलांनी हे केले, आजोबांनी केले. पेरलेल्या वस्तूचे बी न राखणे ही त्यांच्या दृष्टीने निष्काळजी माणसाची गोष्ट होती. शिवाय त्यांना बाईंच्या पाकिटाची हकीकत माहीत होती. पाठवणारे गेले, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून त्यांनी वाफ्याला दोन फेऱ्या मारल्या, सगळ्यात रुंद पानांची आणि सगळ्यात मोठ्या गुच्छांची नऊ झाडे निवडली आणि त्यांच्या दांड्यांना लाल दोरा बांधला. उरलेल्या बावीस झाडांवर त्यांनी बाईंच्या नियमाप्रमाणे मला चालवले. प्रत्येक झाडानंतर मला पुसले. त्या नऊ झाडांना मी नऊ आठवडे लागले नाही.

मार्चअखेर नऊ झाडांच्या दांड्यांवर लहान, गोल बोंडे धरली. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ती तपकिरी झाली. कोंडाजींनी ती कागदावर झटकली. बी काळसर, धुळीसारखे बारीक होते. त्या वेळी नऊही झाडांची बाहेरची पाने पिवळी पडलेली होती.

बदरुन्निसाबाई एप्रिलच्या बारा तारखेला परतल्या. घरात पाऊल ठेवण्याआधी त्या वाफ्याकडे आल्या.

"हे लाल दोरे कसले?"

"बियान्याचे, बाईसाहेब."

त्या खाली बसल्या. एका झाडाचे पान त्यांनी दोन बोटांत धरले. ते गळून हातात आले.

"मी काय सांगून गेले होते?"

"सुकलेलं फूल ठिवायचं न्हाई. बावीस झाडांवर न्हाई ठिवलं. ह्या नवांवर ठिवलं. ही लय जोरदार हुती."

"जोरदार होती म्हणूनच ती जपायची होती."

"आमी पन त्येच म्हनतो. जोरदार हाय म्हनून तर बियानं धरायचं. मरतुकड्याचं कोन धरतं?"

"कोंडाजीभाऊ, हे भात नाही. भात कापलं की त्याचं काम संपतं. या झाडाला अजून सबंध पावसाळा काढायचा आहे, आणि आता त्याच्यात काही उरलेलं नाही."

कोंडाजींनी कमरेची कागदाची पुडी काढून पुढे केली. "पर हे तर ऱ्हायलं ना, बाईसाहेब. हे घ्या."

"मला नको ते," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तुमच्याकडेच ठेवा. आणि कात्री इकडे द्या. उद्यापासून या वाफ्याला हात लावू नका."

कोंडाजींनी मला चंचीतून काढले, धोतराला पुसले आणि दगडावर ठेवले. पुडी परत कमरेला लावली. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. तिसऱ्या दिवशी निरोप आला की शेतावर काम आहे. पुढे निरोपही आला नाही.

पावसाळा जूनच्या नऊ तारखेला लागला. लोणावळ्याचा पाऊस तुम्हांला माहीत असेल. काचेच्या छपराने वरचे पाणी अडते, पण धुके अडत नाही. धुके वाफ्यात शिरते, पानांवर बसते, दगडांवरून ओघळते. बाईंच्या वहीत त्या चार महिन्यांच्या नोंदी आहेत. लाल दोऱ्याची नऊ झाडे: जूनअखेर गेली चार, जुलैत गेली पाच. शिल्लक शून्य. बाकीची बावीस: चार महिन्यांत गेली पाच. शिल्लक सतरा. या आकड्यांखाली बाईंनी एक रेघ मारली. रेघेखाली काहीही लिहिले नाही. आपले म्हणणे खरे ठरले म्हणून त्यांना आनंद झाला असेल असे मला त्यांच्या हातावरून वाटले नाही. कडीतली बोटे गार होती.

त्या हिवाळ्यात सतराही झाडे फुलली. पाहायला लोक आले. मुंबईहून हवापालटासाठी आलेले एक वृद्ध गृहस्थ दोन तास वाफ्यासमोर खुर्ची टाकून बसले. बाईंनी मला स्वतः चालवले आणि एकाही फुलाला बी धरू दिले नाही. महंमदचाचांकडे मला दोनदा धार लावली. ते म्हणाले, "बाईसाहेब, हिनं अजून एक धागासुद्धा कापला नाही, आणि वस्तऱ्यापेक्षा जास्त वेळा माझ्याकडे येते." माझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला काळ तो.

आता मी जे सांगणार आहे ते सांगायला मला बरे वाटत नाही. पण ते गाळले तर माझी हकीकत खोटी होईल.

१९३२ च्या ऑगस्टमध्ये आठ दिवस धुके हलले नाही. नवव्या दिवशी, एकोणीस तारखेला, सकाळी दहाच्या सुमारास ऊन पडले. बाई धावत बाहेर आल्या. वरच्या कोपऱ्यातल्या एका झाडाची दोन पाने पाणथळ, तपकिरी झाली होती आणि त्यांवर राखाडी लव आली होती. ती बुरशी होती. बाईंनी ती पाने माझ्याने कापली. मग इतर झाडांची पिवळी पानेही याच उन्हात काढून घ्यावीत, म्हणजे कापलेल्या जागा वाळतील, असे त्यांनी ठरवले. विचार बरोबर होता. त्यांनी स्पिरिटची बाटली उघडली. बूच सैल राहिले होते. बाटली कोरडी होती.

स्पिरिट लोणावळ्याच्या बाजारात मिळाले असते. जायला यायला पाऊण तास. ढग पुन्हा गोळा होत होते. बाईंनी आकाशाकडे पाहिले, मग मला पदराला पुसले. दोन्ही पाती नीट पुसली, दोनदा पुसली, आणि पुढच्या झाडाला लावली. मग त्याच्या पुढच्या. बारा वाजता धुके परत आले तोवर सतराही झाडे झाली होती. सवयीप्रमाणे त्यांनी वहीत लिहिले की कोणत्या झाडापासून सुरुवात केली आणि कोणत्या क्रमाने गेले.

पुसल्यावर मी चमकत होते. पण बुरशीचे बीज डोळ्यांना दिसत नाही. ते माझ्या खिळ्यापाशी, दोन पात्यांच्या सांध्यात बसले होते.

अकरा दिवसांत वाफा संपला. सप्टेंबरच्या पाच तारखेला बाई वही घेऊन रिकाम्या वाफ्यासमोर बसल्या. झाडे कोणत्या दिवशी कोणती गेली याची एक यादी होती. एकोणीस ऑगस्टच्या कापणीचा क्रम ही दुसरी यादी. त्यांनी दोन्ही शेजारी ठेवल्या आणि बोट ठेवत खाली उतरल्या. दुसरे झाड, तिसरे झाड, चौथे झाड. सतरापैकी पंधरा झाडे त्याच क्रमात होती. त्यांनी मला उचलले, उघडले, खिळ्यापाशी बराच वेळ पाहिले. मला त्या टाकून देतील असे वाटले. त्यांनी मला कढत पाण्यात घातले, पुसले, तेल दिले आणि एका फडक्यात गुंडाळून पिशवीत ठेवले. मग त्या पायी कुसगावला निघाल्या.

कोंडाजींचे घर गावाच्या कडेला, खाचरांना लागून होते. त्यांची पत्नी बयाबाई पडवीत नाचणी पाखडत होत्या. कोंडाजी आतून आले आणि दारातच उभे राहिले.

"या, बाईसाहेब. बसा." त्यांनी घोंगडे टाकले.

"झाडं गेली, कोंडाजीभाऊ," बाई म्हणाल्या. "सगळी. एकही उरलं नाही."

"पावसानं?"

"माझ्या हातानं."

त्यांनी बुरशीची, बाटलीची आणि दोन याद्यांची हकीकत सांगितली. कोंडाजी ऐकत होते. बयाबाईंचे सूप थांबले होते.

"ती पुडी," बाई म्हणाल्या. "मी घेतली नव्हती ती. आहे का अजून?"

कोंडाजी उत्तर देण्याआधी बयाबाई बोलल्या. "हाय की. दीड वरीस झालं चुलीवर लोंबकळतंय. कळकाचं नळकांडं धुरानं काळं ठिक्कर पडलंय. म्या दोनदा चुलीत घालाय काढलं हुतं."

"अन् म्या दोनदा परत टांगलं," कोंडाजी म्हणाले.

"चुलीवर?" बाईंनी विचारले.

"मंग कुटं? भोपळ्याचं, काकडीचं, समद्याचं बियानं तितंच ठिवतो आमी. राखंत घालून, तोंडाला शेन लावून. धुरानं किडा लागत न्हाई."

बाई हळू म्हणाल्या, "हे बी गारठ्यातलं आहे, भाऊ. बर्फाखाली पडून राहणारं. त्याला ऊब सोसत नाही."

कोंडाजींचा चेहरा उतरला. "आमाला काय म्हाईत."

"तुम्हांला कसं माहीत असणार. सांगायचं काम माझं होतं. मी तेव्हा पुडीकडे बघितलंसुद्धा नाही."

"ऱ्हाऊ द्या आता, बाईसाहेब," बयाबाई म्हणाल्या. "हे पन तुमचं सांगनं न ऐकता दोरं बांधत बसले हुते. दोगं सारकेच. नळकांडं काढते."

नळकांडे खाली आले. त्याचे शेणाने लिंपलेले तोंड दगडासारखे कडक झाले होते. बाईंनी पिशवीतून फडके काढले, मला काढले आणि कड्यांची बाजू पुढे करून कोंडाजींना दिले. "तुम्हीच उघडा."

कोंडाजींनी मला घेतले. माझ्या टोकाने त्यांनी शेण कडेकडेने खरवडले. हे माझे काम नव्हे आणि माझे टोक थोडे बोथटले, पण मी तक्रार करत नाही.

मोजणी बंगल्यावर झाली. पांढऱ्या बशीत राख चाळून बी वेगळे केले आणि माझ्या टोकाने एकेक बी बाजूला सारत मोजले. बाईंनी मोजले, मग कोंडाजींनी मोजले, आकडा जुळेना म्हणून दोघांनी परत मोजले. पोकळ, दाबताच फुटणारे बी सोडून दोनशे चाळीस निघाले. मातीचे चार पसरट परळ आणले. प्रत्येकात बारीक खडी, वाळू आणि पानांचे कुजलेले खत. प्रत्येकात साठ बिया. परळ घरातल्या सगळ्यात गार जागी, माठांच्या घडवंचीखाली ठेवले आणि त्यांवर ओले गोणपाट घातले. पाणी माठातलेच. पावसाळा सरल्यावर, बारा ऑक्टोबरला, ही पेरणी झाली.

दुसऱ्या दिवसापासून कोंडाजी परत येऊ लागले. आले की चप्पल काढायच्या आधी विचारत, "हाय का काय?"

"नाही अजून."

"बयाबाईनं इचारायला सांगितलंय."

"बयाबाईंना सांगा, भोपळा नाही हा."

पाचव्या दिवशी काही नव्हते. बाराव्या दिवशी काही नव्हते. विसाव्या दिवशी एका परळात हिरवा ठिपका दिसला. बाईंनी भिंग धरले. शेवाळ होते. कोंडाजींनी पाहिले आणि म्हणाले, "ह्ये मातर न सांगता उगवतं."

मित्रांनो, त्या दिवसांत मला काम नव्हते. मी घडवंचीच्या खिळ्याला टांगलेली होते आणि चारही परळ मला वरून दिसत. तेव्हापासून आजपर्यंत मी पुष्कळ विचार केला आहे. आता १९४६ साल आहे. माझा खिळा सैल झाला आहे, एक पाते दीड सूत झिजले आहे. महंमदचाचा राहिले नाहीत, त्यामुळे धार लावायला मला कोणी नेत नाही. मी बंगल्याच्या कोठीत एका कप्प्यात सुतळीच्या गुंड्यांबरोबर असते. वर्षातून एखादे वेळी कोणीतरी माझ्याने पाकीट उघडते. म्हणून माझे दोनच शब्द ऐका. हत्यार हातात घेतले तर ते दरवेळी स्वच्छ करा. ते चमकते म्हणजे स्वच्छ झाले असे समजू नका, त्याच्या सांध्यात पाहा. आणि जे झाड पुन्हा मिळणार नाही त्याची सगळी फुले कापू नका, सगळी ठेवूही नका. किती ठेवायची हे मात्र मला सांगता येत नाही. ते त्या झाडाला पाहून ठरवायचे असते, आणि ठरवण्याआधी त्या झाडाजवळ असणाऱ्या दुसऱ्या माणसाला विचारायचे असते.

तिसावा दिवस गेला. बाईंनी गोणपाट काढून टाकावे का असे विचारले. कोंडाजी म्हणाले, "भिजवा अजून. काय घाई हाय?" थंडी उतरू लागली होती. पहाटेचे तापमान चौपन्न अंशांवर आले. चौतिसाव्या दिवशी बाईंनी भिंग काढले आणि बराच वेळ तिसऱ्या परळावर धरले. मग त्यांनी भिंग कोंडाजींना दिले. कोंडाजींनी पाहिले आणि भिंग परत दिले. त्या दिवशी वहीत काही लिहिले गेले नाही. दिसलेला हिरवा ठिपका पुन्हा शेवाळ निघू नये म्हणून आणखी सहा दिवस थांबायचे असे दोघांनी ठरवले.

वहीतली पुढची नोंद २१ नोव्हेंबर १९३२ ची आहे. अक्षर बाईंचे, आणि शेजारी पडताळणीचा म्हणून कोंडाजींचा अंगठा.

परळ चार. पेरलेल्या बिया दोनशे चाळीस. चाळिसाव्या दिवशी मोजलेली रोपे: पहिल्या परळात दोन, दुसऱ्यात शून्य, तिसऱ्यात सहा, चौथ्यात तीन. एकूण अकरा.